घोट्यावरची जखम भरता भरत नाही? मलम बदलण्याआधी शीर तपासा

गावात असा एखादा माणूस असतोच. पायाच्या घोट्याच्या थोडं वर, आतल्या अंगाला जखम. त्यावर जुन्या धोतराचं नाहीतर लुगड्याचं फडकं बांधलेलं. दोन-तीन वर्षं झाली, जखम मध्येच सुकल्यासारखी होते, चिखलातली कामं लागली की पुन्हा चिघळते. हळद लावून झाली, झाडपाला झाला, मेडिकलवरून आणलेल्या मलमाच्या ट्यूबा संपल्या. कुणीतरी म्हणालं शुगर असेल, तर रक्त तपासलं आणि शुगर नॉर्मल निघाली. मग घरचे म्हणतात, भोग आहे. जखमेला वास येतो म्हणून तो माणूस लग्नकार्यात पंगतीला बसायचं टाळतो, पुढे एसटीत बसायचंही टाळतो.

अशा बऱ्याच जखमांचं मूळ जखमेत नसतं. ते वर, पायाच्या शिरेत असतं. पोटरीवर निळ्या-हिरव्या, दोरीसारख्या वेटोळ्या शिरा दिसतात, त्यांना डॉक्टर व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. शिरा फुगल्या आहेत, दिसायला वाईट दिसतात, एवढंच समजून लोक सोडून देतात. त्यातल्या काहींना पुढे ही जखम होते. या जखमेचा उपचार कधी करायचा, आधी जखम भरू द्यायची की आधी शीर बंद करायची, या प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत विशेषतः इंग्लंडमध्ये मोठे अभ्यास झाले आहेत. त्यांचं उत्तर आपल्याकडच्या माणसाच्याही कामाचं आहे, कारण पायाची शीर इंग्लंडची असो की इथली, बिघडते एकाच पद्धतीनं.

फूट व्हॉल्व्ह गळला की काय होतं?

विहिरीवर पंप बसवलेल्या माणसाला हा आजार समजावून सांगायला वेळ लागत नाही. सक्शन पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ द्यायचं, परत खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो गळायला लागला की मोटार बंद केल्यावर पाइपातलं पाणी उतरतं आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरत बसावं लागतं.

पायाच्या शिरांत अशाच बारीक झडपा असतात. हृदयाकडून पायात आलेलं रक्त परत वर चढवायचं असतं, तेही जमिनीच्या ओढीविरुद्ध. तिथं मोटार म्हणजे पोटरीचे स्नायू. माणूस चालतो तेव्हा पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. पोटरी सैल पडली की झडप मिटते, रक्त खाली येत नाही. मोठा माणूस नुसता उभा असताना घोट्याजवळच्या शिरेत दाब ८० ते ९० असतो. दंडावर बीपी मोजतात त्याच मापात. निरोगी माणूस चालायला लागला की हाच दाब ३०च्या आसपास येतो. झडप बिघडलेल्या पायात मात्र चाललं तरी दाब पुरेसा उतरत नाही. दिवसभर, वर्षानुवर्षं घोट्याजवळ तुंबारा राहतो.

झडपा का बिघडतात? घराण्यात असेल तर शक्यता जास्त. वय वाढलं की वाढते. बाईला प्रत्येक बाळंतपणात पायावर भार येतो. वजन जास्त असणं आणि एका जागी तासन् तास उभं राहणं ही आणखी कारणं. हॉटेलात भट्टीपुढे उभा राहणारा आचारी, चौकातला पोलीस, फळ्यापुढचे गुरुजी यांना म्हणूनच याचा त्रास असतो. हा बायकांचाच आजार, असं गावात सर्रास म्हटलं जातं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात १८ ते ६४ वयाच्या १५६६ लोकांचे पाय तपासले गेले आणि १९९९ मध्ये निकाल आला. मुख्य शिरा फुगलेल्या पुरुषांत ४० टक्के आणि बायकांत ३२ टक्के सापडल्या. पुरुष पँट नाहीतर पायजमा घालतो म्हणून कुणाला दिसत नाही, इतकंच.

चिबड जमिनीवर खत टाकून उपयोग काय

पाणी तुंबून चिबड झालेल्या रानाचा अनुभव कालव्याखालच्या शेतकऱ्याला आहे. वरून कितीही खत टाका, बियाणं भारी आणा, पीक पिवळं पडतं. आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा लागतो, मग जमीन ताळ्यावर येते.

घोट्याजवळच्या कातडीचं तसंच होतं. आधी संध्याकाळी पाय जड होतो, चपलेचा पट्टा रुततो, सकाळी सूज उतरलेली असते. मग खाज. तुंबलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी शिरेबाहेर झिरपतात, फुटतात, त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं. म्हणून घोट्याभोवती गंजासारखा तपकिरी, पुढे काळसर डाग पडतो. अनेक जण त्याला गजकर्ण समजून वर्षभर मलम लावतात. त्यानंतर कातडी कडक होते, पाय घोट्याजवळ बारीक आणि वर जाड दिसायला लागतो. अशा कातडीला ढेकूळ लागलं, बाभळीचा काटा लागला, नुसतं खाजवलं, तरी जखम होते. ती भरत नाही, कारण खाली निचराच नाही.

जखम कुठे आहे यावरूनही अंदाज येतो. शिरेची जखम बहुधा घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, उथळ, पाणी गळणारी. मधुमेहाची जखम बहुधा तळव्याला किंवा बोटांना, आणि तिथं बधिरपणा असतो. बिडी-तंबाखूनं रक्त पुरवणाऱ्या नळ्या बंद झालेल्याची जखम बोटांच्या टोकाशी, पाय गार, रात्री असह्य ठणका. हा नुसता अंदाज झाला. एकाच पायात दोन कारणंही असू शकतात, म्हणून शेवटचा शब्द तपासणीचा.

आधी जखम की आधी शीर?

जुनी रीत अशी होती: पायाला खालून वर घट्ट पट्टी बांधायची, जखम भरेपर्यंत महिनोन् महिने बांधत राहायची, आणि शिरेचं ऑपरेशन झालंच तर नंतर बघायचं. घट्ट पट्टीनं जखमा भरतात हे खरं आहे. बाहेरून दाब दिला की फुगलेली शीर आवळते, तुंबारा कमी होतो. पण पट्टी सुटली की मूळ दोष तिथंच.

२००४ मध्ये इंग्लंडमधल्या ५०० रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. निम्म्यांना नुसती पट्टी, निम्म्यांना पट्टी आणि वरच्या शिरेचं ऑपरेशन. सहा महिन्यांत जखम भरण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, शंभरात ६५. फरक पुढे दिसला. भरलेली जखम वर्षाच्या आत पुन्हा होण्याचं प्रमाण नुसत्या पट्टीवाल्यांत शंभरात २८ होतं, ऑपरेशनवाल्यांत १२. म्हणजे शीर काढली की जखम लवकर भरते असं दिसलं नाही, पण परत येणं निम्म्याहून खाली आलं.

त्या काळी ऑपरेशन म्हणजे जांघेत चिरा, भूल आणि शीर ओढून काढणं. वय झालेला माणूस त्याला तयार होत नसे. पुढे लेसर आणि रेडिओफ्रिक्वेन्सीनं, म्हणजे विजेच्या उष्णतेनं, शीर आतूनच बंद करायची पद्धत रुळली. भूल फक्त पायापुरती. मग नवा प्रश्न आला: आता काम सोपं झालंय, तर जखम भरायची वाट का बघायची?

डॉ. मनजित गोहेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या २० केंद्रांवर ४५० रुग्ण घेतले. सगळ्यांची जखम सहा आठवड्यांपेक्षा जुनी आणि सहा महिन्यांच्या आतली. सगळ्यांना घट्ट पट्टी दिलीच. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाची शीर दोन आठवड्यांच्या आत बंद केली, दुसऱ्या गटाची जखम भरल्यावर किंवा सहा महिने झाल्यावर करायची ठरली. २०१८ मध्ये आकडे जाहीर झाले. लवकर शीर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, थांबलेल्यांना त्याच टप्प्याला ८२ दिवस लागले. २४ आठवड्यांनी पहिल्या गटात शंभरात ८६ जखमा भरलेल्या, दुसऱ्यात ७६. पुढे साडेतीन वर्षांच्या आसपास मागोवा घेतला, तेव्हा जखम पुन्हा होण्याचं प्रमाण पहिल्या गटात शंभर माणसांमागं वर्षाला ११ आणि दुसऱ्यात १६ निघालं.

२६ दिवसांचा फरक ऐकायला फार वाटणार नाही. पण ज्याचं पोट रोजंदारीवर आहे त्यानं २६ दिवसांचा हिशोब करून बघावा. आणि हेही विसरायचं नाही की या अभ्यासात सहा महिन्यांपेक्षा जुन्या जखमा घेतल्याच नव्हत्या. आपल्याकडे माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हाच जखम पाच वर्षांची असते. तिला हेच आकडे जसेच्या तसे लागू होतील असं मानणं चूक आहे. शीर दुरुस्त करायची गरज मात्र तिलाही असते.

शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक रुग्ण विचारतो, आणि विचारायलाच पाहिजे. पायातलं बहुतेक रक्त खोल, स्नायूंच्या आत असलेल्या मोठ्या शिरांतून वर जातं. कातडीखालच्या शिरा म्हणजे बाजूचा पाट. त्यातला फुटका पाट बंद केला की पाणी मुख्य पाटानं जातं, उलट खाली तुंबायचं थांबतं. मात्र त्यासाठी मुख्य पाट उघडा असल्याची खात्री आधी करावी लागते. खोल शिरेत गुठळी होऊन ती बंद पडली असेल तर गणित बदलतं. म्हणून पायाची कलर डॉपलर सोनोग्राफी, तीही शक्यतो उभं करून केलेली, झाल्याशिवाय कुणीही शीर बंद करायला निघालं तर तिथून उठून यावं.

प्रत्यक्ष काम असं चालतं. गुडघ्याच्या आसपास सुई टोचून बारीक तार शिरेत घालतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जांघेपर्यंत नेतात. शिरेभोवती भुलीचं पाणी भरतात, त्यानं दुखत नाही आणि आजूबाजूला चटका लागत नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या नेहमीच्या यंत्रात तारेचा सात सेंटिमीटरचा तुकडा १२० अंशांपर्यंत तापतो, २० सेकंद थांबतो, मग तार मागं ओढून पुढचा तुकडा. शीर आवळून बंद होते आणि काही महिन्यांत शरीर ती जिरवून टाकतं. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातात. चालायला सांगतातच, कारण झोपून राहिलं तर गुठळीचा धोका.

दुसरी पद्धत फेसाची. औषध आणि हवा दोन सिरिंजांत मागं-पुढं ढकलून फेस करायचा आणि शिरेत सोडायचा. २००० साली इटलीच्या डॉ. लोरेन्झो तेस्सारी यांनी ही युक्ती मांडली. खर्च कमी, यंत्र नको. पण टिकाऊपणात ती मागं पडते. ब्रिटनमध्येच ७९८ रुग्णांवर लेसर, फेस आणि जुनं ऑपरेशन यांची तुलना झाली, पाच वर्षांनंतरचा निकाल २०१९ मध्ये आला. पाच वर्षांनी लेसर आणि ऑपरेशन केलेल्यांचे पाय फेसवाल्यांपेक्षा बरे होते. त्यामुळे कुणी सांगितलं की जुनं ऑपरेशन आता बाद झालंय, तर ते अर्धसत्य आहे. ऑपरेशन अजूनही चांगलं काम करतं, लेसरनं फक्त हाल कमी होतात आणि माणूस कामावर लवकर जातो.

शीर चिकटवायचा डिंकही आलाय. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. तिथल्या २२२ रुग्णांच्या तुलनेत तीन महिन्यांनी तो रेडिओफ्रिक्वेन्सीपेक्षा कमी ठरला नाही. भुलीच्या सुया कमी लागतात हा फायदा. काहींना त्याची ॲलर्जी येते, आणि डिंक शरीरातच राहतो.

पट्टी सुटत नाही

लेसर केलं म्हणजे पट्टीतून सुटका, असं नाही. वरच्या ४५० रुग्णांत दोन्ही गटांनी पट्टी बांधली होती. पट्टी किंवा दाबाचे मोजे हा या जखमेचा पाया आहे. गंमत अशी की चार थरांची महागडी पट्टी बांधायला शिकलेली नर्स लागते, आणि ब्रिटनमधल्या ४५७ रुग्णांच्या अभ्यासात २०१४ मध्ये असं दिसलं की दोन थरांचे दाबाचे मोजे तितकंच काम करतात. निम्म्या जखमा भरायला मोज्यांनी ९९ दिवस, पट्टीनं ९८. मोजे रुग्ण स्वतः घालू शकतो. पण काहींनी ते मध्येच सोडून दिले, हेही त्याच अभ्यासात दिसलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, चिखलात, पायात कडक मोजे घालून काम करणं सोपं नाही. निदान घरी असताना, बाजारात जाताना, उभ्याच्या कामाला घालावेत. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पाय सुजायच्या आत चढवायचे आणि रात्री झोपताना काढायचे.

इथं एक मोठी सूचना. साधी क्रेप पट्टी आणून स्वतःच्या मनानं घट्ट आवळू नका. पायाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आधीच अरुंद असतील, म्हणजे वर्षानुवर्षं बिडी ओढणारा, तंबाखू खाणारा, मधुमेही असेल, तर घट्ट पट्टीनं पाय काळा पडून कापायची वेळ येऊ शकते. डॉक्टर आधी पायाची नाडी बघतात, हाताच्या आणि घोट्याच्या बीपीची तुलना करतात, मग पट्टीचा दाब ठरवतात.

गोळ्यांचं काय? शिरांसाठी डायोस्मिनच्या गोळ्या दुकानात भरपूर खपतात. त्यांनी जडपणा, सूज थोडी कमी होते. झडप दुरुस्त होत नाही. ॲस्पिरिननं जखम लवकर भरते अशी एक समजूत डॉक्टर मंडळींतही होती. न्यूझीलंडमध्ये २५१ रुग्णांना रोज ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी देऊन पाहिलं. २०१७ मध्ये निकाल आला, ॲस्पिरिननं फायदा झाला नाही. अँटिबायोटिकचंही तसंच. जखमेत पू, भोवती लाली, ताप असेल तर त्याची गरज असते, एरवी जुन्या जखमेवर महिनोन् महिने गोळ्या खाऊन फक्त पोट बिघडतं.

दवाखान्यात कधी जायचं?

ब्रिटनच्या सरकारी आरोग्य नियमावलीत साधी खूण दिली आहे: गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर शिरांच्या डॉक्टरकडे पाठवा. दोन आठवडे. आपल्याकडे तेवढ्यात तर पहिली ट्यूब संपलेली नसते. जखम नसली तरी घोट्याभोवती डाग, कडकपणा, खाज असेल तर तीच वेळ तपासणीची, कारण तिथून जखम फार लांब नसते.

तालुक्याच्या ठिकाणी प्रत्येक वेळी शिरांचा तज्ज्ञ मिळणार नाही. जनरल सर्जनकडे जाता येतं. विचारायचं एवढंच: डॉपलर केली का, खोल शिरा उघड्या आहेत का, पायाची नाडी बघितली का, आणि जखम भरायच्या आधीच शीर बंद करता येईल का. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला गाठा. आपल्या आजाराचा उपचार त्या रुग्णालयात योजनेत बसतो का, हे भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. योजनेचा फोन नंबर १५५३८८ आहे.

शीर बंद झाली तरी दुसरी फुगू शकते. चालणं चालू ठेवायचं, वजन आवरायचं, उभ्याचं काम असेल तर अधूनमधून टाचा वर-खाली करायच्या. रात्री पायाखाली उशी नाहीतर गादीच्या पायथ्याला वीट-दोन विटांचा उंचवटा.

दोन प्रसंगांत मात्र थांबायचं नाही. एका पायाला अचानक सूज आणि दुखणं आलं तर खोल शिरेत गुठळी असू शकते. पाय चोळायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना. सोबत दम लागला, छातीत दुखलं तर १०८ ला फोन.

आणि दुसरा, ज्यात माणसं घरातच जातात: फुगलेली शीर फुटणं. आंघोळ करताना, खाजवताना, कातडी पातळ झालेल्या जागी शीर फुटते आणि रक्ताची चिळकांडी उडते. घाबरून माणूस उभा राहतो, नाहीतर खुर्चीत बसून पाय खाली सोडतो, आणि उभ्या पायातून रक्त थांबत नाही. अशा वेळी त्याला लगेच जमिनीवर झोपवायचं, पाय छातीपेक्षा उंच धरायचा, स्वच्छ कापडाची घडी करून फुटलेल्या जागेवर दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरायची. वर मांडीला दोरी आवळून बांधायची नाही. पाय उंच केला की रक्ताचा जोर लगेच कमी होतो. रक्त थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं, कारण एकदा फुटलेली जागा पुन्हा फुटू शकते.